अस्वलिणीची फिर्याद

मोरगव्हाणात कोणी मला विचारलं, "नानाजी, किती वाजले?" तर मी सांगितलेली वेळ तो पुढच्या चौकात दुसऱ्याला विचारून पक्की करून घेतो. एवढी माझी ख्याती आहे. आमच्याकडे वैशाखात दुपारी सावल्या उठतात आणि झाडाखाली जाऊन बसतात, हे मी सांगितलेलं आहे. माझ्या सासऱ्याच्या विहिरीत हाक मारली की तिचा प्रतिध्वनी तिसऱ्या दिवशी टपालानं येत असे, हेही मीच सांगितलेलं आहे. हे सगळं खोटं मी मन लावून बोललो आणि त्याची मला तिळभर लाज वाटत नाही. आता सांगतो त्या गोष्टीत मात्र माझं एक खोटं आहे, त्याची वाटते. सहा शब्दांचं होतं. ते कुठं आलं ते तुम्हाला कळेलच.

साल २०४३. आमच्या भागात त्या सुमारास उन्हाळा होळीच्या आधी यायचा आणि दसऱ्याला जायचा. म्हणून सरकारनं सगळ्या कचेऱ्यांना हिमरंग लावायला घेतला. पांढराशुभ्र, दह्यासारखा घट्ट. भिंतीवर चढला की खोली सहा-सात अंशांनी थंड. खोड एकच, वाळायला अख्खा दिवस घ्यायचा.

मोरगव्हाण पोलीस ठाण्याची वार्षिक तपासणी फेब्रुवारीत असते. तपासणी जवळ आली की ठाण्यात काय होतं ते पाहण्यासारखं असतं. गुन्हे तेवढेच राहतात, पण झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो, जप्त केलेल्या मोटारसायकली उंचीप्रमाणे उभ्या राहतात आणि भिंती पांढऱ्या होतात. त्या वर्षी अठरा फेब्रुवारीला हिमरंग लागला. रंगाचे शिंतोडे उडतील म्हणून रंगाऱ्यांनी सगळे कॅमेरे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधले. आतले आठ, बाहेरचे तीन.

मी ठाण्याचा पंच. म्हणजे असं की जप्ती असो, पंचनामा असो, कायद्याला गावातले दोन प्रतिष्ठित इसम लागतात. गावातले खरे प्रतिष्ठित इसम बोलावलं की आजारी पडतात. मी कधी आजारी पडलो नाही. छत्तीस वर्षं मी सह्या केल्या. वाचून किती केल्या ते विचारू नका. बदल्यात ठाण्यात मला खुर्ची होती, चहा होता आणि श्रोते होते. ठाणेदार बदलत गेले, पण प्रत्येकानं जाताना नव्याला सांगितलं, "नानाजींकडून ती अस्वलिणीची गोष्ट ऐका एकदा."

आता ती ऐकाच, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

एक अस्वलीण भर दुपारी ठाण्यात आली. दोन पायांवर चालत, अदबीनं. हवालदार म्हणाला, काय बाई? म्हणे, माझं मधाचं पोळं लुटलं. कोणी? म्हणे, खाकी कपड्यातल्या माणसानं. हवालदारानं पेन खाली ठेवलं. पोळं तुझंच होतं याचा कागद? नाही. साक्षीदार? मधमाश्या होत्या, पण त्या उडून गेल्या. झाडावर कोणाबरोबर चढलीस? एकटीच. भर दुपारी, एकटी, अंगावर धड कपडा नाही, आणि वर फिर्याद घेऊन येतेस? अस्वलिणीनं मान खाली घातली. बरं, म्हणाला, लाव अंगठा. तिनं पंजा उचलून कागदावर ठेवला, तर कागद फाटला, टेबल फाटलं, आणि हवालदारानं शेरा मारला: तक्रारदाराने सरकारी मालमत्तेचे नुकसान केले, सबब तिलाच अटक.

चार हशे यायचे. पहिला कागदावर, दुसरा मधमाश्यांवर, तिसरा कपड्यावर, चौथा शेऱ्यावर. तीस वर्षांत मी एक शब्द हलवला नाही. एकदा आकाशवाणीवाल्यांनी घड्याळ लावून मोजली होती, पॉज धरून चार मिनिटं अकरा सेकंद.

*

एप्रिलमध्ये ठाण्याची भिंत बोलायला लागली.

पहिल्यांदा ऐकलं हवालदार टेकाम यांनी. दुपारी तीनचा सुमार, पारा सत्तेचाळीस, रस्त्यावर कुत्रं नाही. मोठ्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट समोरच्या भिंतीवर पडतं. त्या भिंतीपलीकडे मुद्देमालाची खोली. टेकामांना वाटलं, पलीकडे माणसं कुजबुजताहेत. कुलूप काढून पाहिलं तर आत सायकली, दारूचे डबे आणि कोळिष्टकं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर लिंबू-मिरची लटकली. चौथ्या दिवसापासून तीन वाजता त्या खोलीत कोणी बसेना.

"नानाजी, तुम्ही तर भुतांबरोबर जेवलेले माणूस," ठाणेदार हिरुळकर मला म्हणाले. स्वतः मात्र दाराबाहेर उभे. "जरा जाऊन बसा ना जी आत. काय म्हणते पाहा."

मी बसलो. खरंच, गंमत म्हणून बसलो.

आधी नुसती तडतड, लाह्या फुटाव्यात तशी. मग तिच्यातून एक गुणगुण वर आली. शब्द नाहीत. शेजारच्या घरातलं भांडण भिंतीतून येतं ना, चढ-उतार कळतो पण काय ते कळत नाही, तसं. फक्त फार घाईचं. कुठं घाईचं, कुठं मध्येच रेंगाळणारं. मग एक बारीक चिरचिर झाली, खारी भांडाव्यात तशी. पुन्हा गुणगुण. पुन्हा चिरचिर. मग तिसरी. आणि मग एक लांब गुणगुण, तिच्या शेवटी मोठी, खूप मोठी चिरचिर.

माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता, तो एकाएकी गार लागला.

गोष्ट सांगणाऱ्याला शब्द लागत नाहीत हो. हशा कुठं येतो तेवढं पुरतं. कागद, मधमाश्या, कपडा, शेरा. भिंत माझी गोष्ट सांगत होती.

"काय म्हणते?" ठाणेदारांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "उंदीर आहेत."

*

भूत म्हटलं की पोलीस मांत्रिक आणतात. पण तसलीच कुजबुज तालुक्याच्या आणखी दोन कचेऱ्यांत ऐकू आली, म्हणून मे महिन्यात नागपूरहून डॉ. तहेसीन काझी आल्या. पस्तिशीच्या, डोक्याला ओला पंचा, हातात पेटी. रंग का तडकतो ते तपासायला आलेल्या बाई. तीन दिवस त्यांनी भिंतीला काचेची बटणं चिकटवली, आणि चौथ्या दिवशी मला, म्हणजे तिथे बसायला तयार असलेल्या एकट्या माणसाला, समजावून सांगितलं.

"नानाजी, या रंगात अभ्रकासारख्या चकत्या आहेत. डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक. रंग ओला असतो तेव्हा त्या तरंगत असतात. खोलीत कोणी बोललं की भिंत थरथरते. आपल्याला कळत नाही, चकत्यांना कळतं. त्या कलतात. आता, दुधावर साय कशी धरते? वरून. हा रंगही तसा वाळतो. आधी वरची साय, मग तिच्याखालची, मग त्याखालची. जी साय वाळली तिच्यातल्या चकत्या त्या क्षणी जशा कललेल्या होत्या तशाच गोठल्या."

"म्हणजे वरच्या थरात सकाळ..."

"आणि तळाशी संध्याकाळ. बरोबर. आता तीन वाजता ऊन पडलं की एकेक थर तापून किंचित सैल होतो, चकत्या सुटताना तीच थरथर उलटी देतात. दिवसभराचं बोलणं पाऊण तासात. थंड झाल्यावर परत होत्या तशा. भूत-बित काही नाही. ध्वनिमुद्रण आहे."

"मग शब्द का कळत नाहीत?"

"कारण रंग एका वेगानं वाळत नाही. पंखा लागला की भराभर, दार बंद झालं की हळू. जणू टेप कोणी मनाला येईल तशी ओढली. सरळ करायची तर मला त्या दिवशी या खोलीत बोललेलं एखादं वाक्य ठाऊक पाहिजे. कोण बोललं, किती वेळात बोललं, अगदी सेकंदासकट. मोठं असेल तर उत्तम. तीन-चार मिनिटं सरळ झाली की या भिंतीचा स्वभाव कळतो. मग आधीचा तास, नंतरचा तास, सगळं उलगडतं." बाईंनी चष्मा पुसला. "पण असं कोण बोलतं? शब्दाला शब्द, सेकंदाला सेकंद? माणूस स्वतःचं नावसुद्धा दोनदा सारखं सांगत नाही."

 माझ्यासारखा माणूस गप्प बसला की गावात चर्चा होते. पण काझीबाई गावच्या नव्हत्या.

तेवढ्यात ठाणेदार आले. "झालं ना मॅडम? सोमवारी भिंत खरवडून टाकतो आम्ही. साधा चुना मारतो. लोक काय काय बोलून राहिले."

"सोमवारी? आज गुरुवार आहे!"

"तपासणी अधिकाऱ्यांची एक भेट आहे," ठाणेदार म्हणाले. ते म्हणाले नाहीत ते असं, की पुढच्या शुक्रवारी जिल्ह्याला रत्नमाला कोडापेच्या अपिलाची सुनावणी होती.

*

रत्नमाला सव्वीस वर्षांची. कपाशीवर फवारणी करणारे ड्रोन चालवते. चार गावांची शेतं तिच्या बोटांवर. फेब्रुवारीत तिच्या दोन बॅटऱ्या चोरीला गेल्या. अठरा तारखेला तिला ठाण्यातून फोन गेला, बॅटरी सापडली, ओळखायला या. ती आली. उपनिरीक्षक राजुरे यांनी तिला मुद्देमालाच्या खोलीत नेलं. कॅमेरे पिशव्यांत होते.

आत काय झालं ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. तिनं जिथं सांगायचं तिथं सांगितलं. दहा मिनिटांनी ती बाहेर आली, सरळ ठाणेदारांच्या टेबलापाशी गेली आणि मोठ्यानं, स्पष्ट सांगितलं. मी चार हातांवर खुर्चीत होतो, हातात कपबशी.

पुढं तिनं अर्ज केला. चौकशी झाली. माझ्यापुढं एक कागद आला, 'सदर महिला समाधानाने निघून गेल्याचे मी समक्ष पाहिले.' मी सही केली. मे महिन्यात तिला उत्तर मिळालं. ते तिनं मला त्याच गुरुवारी संध्याकाळी वाचून दाखवलं. ठाण्यासमोरच्या कडुनिंबाखाली ती काझीबाईंची वाट पाहत उभी होती आणि मला चुकवून जाता आलं नाही.

"ऐका काकाजी, तुम्हाला भाषा आवडते ना," ती म्हणाली. "'कॅमेरे रंगकामामुळे झाकलेले असल्याने अर्जदाराच्या कथनास पुष्टी मिळत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. तसेच अर्जदाराने यापुढे ठाण्यात येताना सोबत जबाबदार व्यक्ती आणावी.'" तिनं कागदाची घडी घातली. "जबाबदार व्यक्ती! मी बारा लाख लिटर औषध उडवते वर्षाला. चूक झाली तर अख्खं गाव आजारी पडेल. आणि मी सोबत कोणाला आणू? लहान भावाला?"

"पोरी, साहेब लोकांची भाषाच तशी..."

"चौकशीत त्या मॅडमनं काय विचारलं, माहीत आहे? 'तू ड्रोन चालवतेस म्हणजे पुरुषांत वावरायची सवय असेल ना?' मी म्हटलं, आहे. तर त्यांनी लिहून घेतलं." ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. राग परवडला असता. "माझं लग्न मोडलं, काकाजी. त्याचं काही नाही, तो माणूसही निकालीच निघाला. पण आई आता मला विचारते, खरंच झालं होतं ना गं? आई. शुक्रवारी शेवटची सुनावणी आहे. त्यानंतर ठोठावायला माझ्याकडे दार नाही. त्या बाई म्हणतात, भिंतीत सगळं आहे, पण उघडता येत नाही."

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि घरी गेलो.

*

आमच्या वत्सलेपाशी माझी एकही गोष्ट चालत नाही. बावन्न वर्षांत तिनं माझ्या एका गोष्टीवर हसून दाखवलेलं नाही. म्हणते, हसले तर तुम्ही तीच परत सांगाल. मी जेवलो नाही तेव्हा तिनं ताट बाजूला सारलं.

"बोला. आणि खरं बोला, उगाच वाघ आणू नका मध्ये."

मी सांगितलं. सगळं. सहा शब्दसुद्धा.

तिनं पदराला पीळ घातला. "आयुष्यभर खोटं बोललात," ती म्हणाली, "लोकांना हसू यायचं म्हणून मी चालवून घेतलं. आणि जिथं कोणाला हसू येणार नव्हतं तिथं नेमकं सहीशिक्क्याचं खोटं बोललात?"

"आता कबूल केलं तर खोट्या जबाबाचा खटला होईल माझ्यावर. या वयात."

"होऊ द्या. डबा आणून देईन."

"पोलीस दारात उभं करणार नाहीत."

"बरं होईल. चहा कमी प्याल."

"लोक म्हणतील..."

"लोक तुमचं ऐकतात कधी? अहो, तुमच्या शब्दाला गावात किंमत नाही हे तुम्हीच कौतुकानं सांगता. आता पहिल्यांदा कोणाला तुमचे शब्द जसेच्या तसे पाहिजेत. तर तोंडाला कुलूप?"

*

रविवारी दुपारी अडीच वाजता आम्ही ठाण्यात होतो. काझीबाईंच्या हातात संशोधनाचा परवाना होता, सोमवारपर्यंतचा. ठाणेदार घरी झोपले होते. टेकाम दारात उभे राहिले. आत यायला तयार नाहीत, जायलाही तयार नाहीत. रत्नमाला बाकावर बसली. अठरा फेब्रुवारीला तिला बसवलं होतं, तोच बाक.

"त्या दिवशी जसे बसला होता तसे बसा," बाई म्हणाल्या. "आणि तशीच सांगा."

मी सांगायला लागलो. एक अस्वलीण भर दुपारी ठाण्यात आली. दोन पायांवर चालत, अदबीनं.

ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर आलं. तडतड सुरू झाली.

पोळं तुझंच होतं याचा कागद? मी सवयीनं थांबलो. खोलीत कोणी हसलं नाही. भिंत चिरचिरली.

जगात असा कोणी कथेकरी नसेल की ज्याच्या गोष्टीवर समोरची माणसं दगडासारखी बसलीत आणि भिंत हसते आहे. मला पुढं जाववेना. काझीबाईंनी हात हलवून सांगितलं, चालू ठेवा. भर दुपारी, एकटी, अंगावर धड कपडा नाही... तीस वर्षं मी हे वाक्य म्हणत होतो. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. समोर रत्नमाला बसली होती आणि तिनं ते दुसऱ्यांदा ऐकलं.

चार मिनिटं अकरा सेकंद झाले. पेटीवर हिरव्या रेघा थरथरत एकावर एक बसल्या. बाईंनी एक कळ दाबली.

आणि भिंतीतला माझाच आवाज पेटीतून आला. स्वच्छ, रंगात आलेला. "...सबब तिलाच अटक!" मागोमाग हशा, खारींचा नाही, माणसांचा. ठाणेदारांचा ढेरीतून येणारा, राजुऱ्यांचा नाकातला, आणि एक जाड, खोकल्यात शिरणारा, माझा.

"मागं नेते," बाई हळूच म्हणाल्या.

मागं होतं ते आलं. पलीकडच्या खोलीतून, भिंत ओलांडून. "हात सोडा साहेब." मग, "सोडा म्हणते ना." मग एकदा जोरात, नुसतं, "सोडा!" टेकामांनी दाराची चौकट धरली.

मग पावलं. मग तिचं बोलणं, एकेक शब्द नीट लावून, टेबलापाशी. त्यावर ठाणेदार: "अहो बाई, राजुरे दोन लेकरांचा बाप आहे. चुकून लागला असेल हात." मग: "लग्न व्हायचं आहे ना तुझं? मग?" मग: "बस. पाणी पी. हस जरा." आणि मग तिचा आवाज, माझ्याकडे वळलेला:

"काकाजी, तुम्ही तर इथंच होते. तुम्ही ऐकलं ना?"

आणि भिंत माझ्या आवाजात म्हणाली, "मला जरा कमी ऐकू येतं, पोरी."

"नानाजी," ठाणेदारांचा आवाज, "हिला जरा हसवा. ती अस्वलिणीची सांगा."

ऊन भिंतीवरून उतरलं. तडतड थांबली. टेकाम आत आले, लिंबू-मिरची तोडून खिशात घातली आणि बाहेर गेले. रत्नमालानं पेटीकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, "हे आईला ऐकवता येईल?"

*

शुक्रवारी समिती बसली. तीन सदस्य, मध्ये एक निवृत्त साहेब, कानात पांढरे केस.

"भिंतीला शपथ कशी द्यायची?" साहेबांनी सुरुवातच केली. "आणि हिनं विहित नमुन्यात अर्ज केला आहे का?" दोघे सदस्य हसले. मी मनात मोजलं, पहिला हशा.

"बाई, तुम्ही त्याच वेळी ओरडला का नाहीत?"

काझीबाईंनी कळ दाबली. "सोडा!"

साहेब पाणी प्यायले. "हं. पण आवाजात राग जास्त वाटतो. भीती कमी वाटते. एखाद्या पीडितेच्या आवाजात..."

"साहेब," रत्नमाला म्हणाली, "किती भीती पाहिजे ते फॉर्मवर लिहा ना. पुढच्या वेळी तेवढी आणते."

दुसरा सदस्य म्हणाला, यंत्रानं काहीही बनवता येतं हो आजकाल. हे कोणी सिद्ध करायचं की त्या दिवशी त्या खोलीत हेच बोललं गेलं? एक जिवंत माणूस आहे का?

मी उठलो. गुडघा वाजला, सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मी आहे. हा हसणारा आवाज माझा. कमी ऐकू येतं म्हणणारा माझा. मला कमी ऐकू येत नाही; शेजारच्या गावात कोंबडं आरवलं तर मी... नाही, ते राहू द्या. चार हातांवर होतो. आतलं तीनदा ऐकलं, बाहेरचं सगळं ऐकलं. ती समाधानानं गेली नाही. तो जबाब खोटा आहे. सही माझी आहे."

"तुम्ही गावात थापाडे म्हणून प्रसिद्ध आहात म्हणे?" साहेबांच्या हातात कोणीतरी चिठ्ठी दिली होती.

"आहे. म्हणूनच तपासा. थापाड्याची गोष्ट दर वेळी तीच, तेवढ्याच सेकंदांची, आणि भिंतीतलीही तेवढ्याच सेकंदांची. घड्याळ तर थापा मारत नाही ना?"

आता तुम्हाला वाटेल, सगळे ढसाढसा रडले, राजुऱ्यांना तिथंच बेड्या पडल्या. तसं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. गुन्हा दाखल व्हायला आणखी सात आठवडे लागले. राजुरे निलंबित झाले, पुढं कोठडीत गेले. खटला चालू आहे. हिरुळकरांची बदली झाली आणि आदेशात लिहिलं, 'प्रशासकीय कारणास्तव'. माझ्यावर खोट्या जबाबाचा खटला आहे, तारखा पडताहेत. वत्सला डब्याची चौकशी करून आली आहे. रत्नमालाच्या आईनं ते ध्वनिमुद्रण ऐकलं आणि दोन दिवस ती लेकीच्या खोलीबाहेर बसून होती. दार कधी उघडलं ते मला माहीत नाही. विचारायचा हक्क माझा नाही.

भिंत मात्र खरवडली गेली नाही. सोमवारी सकाळीच काझीबाईंनी ध्वनिमुद्रणाची प्रत समितीकडे पोचवली होती, म्हणून ठाणेदारांना तिला हात लावता आला नाही. ती आता मुद्देमाल आहे. तिच्यावर चिठ्ठी लावली आहे.

*

एक गोष्ट राहिली. ही मी डोळ्यांनी पाहिली आहे.

पुन्हा फेब्रुवारी आला, तपासणी आली. चिठ्ठीची भिंत सोडून मोठ्या खोलीच्या बाकी तिन्ही भिंतींना नवा हिमरंग लागला. रंगाचं कंत्राट पाच वर्षांचं होतं, ते थांबवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी दहाला रंगारी शिडी घेऊन निघाले, आणि साडेदहाला रत्नमाला आली. एकटी नव्हती. तिच्यामागं अकरा बाया होत्या. कोणी वाघोलीची, कोणी टाकळीची. एक तर माझ्या वयाची, काठी टेकत.

त्या कोणाशी बोलल्या नाहीत. अर्ज दिला नाही. तीनच्या उन्हाची कड जिच्यावर पोचते त्या शेजारच्या ओल्या भिंतीसमोर, नाकापासून हातभर अंतरावर, ओळीनं उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात बोलायला लागल्या. जी ती आपलं. नाव, तारीख, कोणतं ठाणं, कोण साहेब, साहेबांनी काय केलं. आणि त्यानंतर दुसऱ्या साहेबांनी काय म्हटलं. रंगाच्या ओल्या वासात ती कुजबुज अशी पसरली की पंख्याचा आवाज ऐकू येईना.

नवे ठाणेदार खुर्चीत ताठ बसले होते. तोंड उघडलं आणि मिटलं. कारण आता सगळ्यांना ठाऊक आहे, रंग ओला आहे. त्या दिवशी अख्खं ठाणं चिठ्ठ्या लिहून एकमेकांना दाखवत होतं. ओल्या भिंतीशी बोलू नये असा नियम अजून निघालेला नाही. मसुदा तयार आहे म्हणतात. पण ज्या सभागृहात तो वाचायचा ते गेल्याच आठवड्यात रंगवलं आहे.

दुपारी बाया एकेक करून निघाल्या. मी दाराशी उभा होतो. आता मला तिथं खुर्ची नाही. रत्नमाला शेवटची निघाली. मी पुढं झालो. भाषण तयार होतं, चांगलं होतं, दोनदा म्हणून पाहिलं होतं.

तिनं हात वर केला. "माझ्याकडे नका पाहू, काकाजी. मी माफ-बिफ करायला आली नाही. काय असेल ते तिकडे बोला."

मी भिंतीपाशी गेलो. इतक्या जवळ की श्वास परत तोंडावर येत होता. भाषण काही आठवेना. मग एक वर्षापूर्वी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"ऐकलं, पोरी. सगळं ऐकलं होतं."

वळून पाहिलं तर ती गेली होती.

चैत्रात या मोरगव्हाणात. तीनच्या सुमाराला, खिडकीतून ऊन आलं की बाकावर बसा. माझ्या शब्दावर जाऊ नका.